डॉमिनिका : राष्ट्राभिमान आणि वाढते पर्यटन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे एकच का?

नाही. डॉमिनिकन रिपब्लिक हा हिस्पॅनिओला बेटाचा पूर्व भाग व्यापणारा, एक कोटीहून अधिक लोकसंख्येचा स्पॅनिश भाषक देश आहे. डॉमिनिका हे पूर्व कॅरिबियनमधले, उत्तरेला ग्वाडेलूप आणि दक्षिणेला मार्टिनीक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध असलेले एक स्वतंत्र राष्ट्र आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७५० चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे सत्तर हजार आणि राजधानी रोझो. राजभाषा इंग्रजी असली तरी घराघरांत फ्रेंचवर आधारलेली क्वेयोल भाषा बोलली जाते. तिकीट काढताना दोन्ही नावांत गल्लत होऊ शकते, म्हणून शहराचे आणि विमानतळाचे नाव आवर्जून तपासावे. डॉमिनिकाच्या नागरिकांना परदेशात हा खुलासा सतत करावा लागतो, आणि आपल्या देशाची स्वतंत्र ओळख जपण्याचा त्यांचा आग्रह त्यातून अधिकच घट्ट झाला आहे.

सत्तर हजार लोकांच्या देशाला एवढा राष्ट्राभिमान कशाचा?

या अभिमानाचे मूळ डोंगरात आहे. येथील सर्वोच्च शिखर मोर्न दियाब्लोतें १४४७ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे दोनशे मीटरनी कमी आहे. परंतु ते थेट समुद्रातून वर चढत जाते आणि त्याच्या उतारांवर घनदाट वर्षावन आहे. कोलंबसाला हे बेट ३ नोव्हेंबर १४९३ रोजी दिसले, तरी पुढची दोन शतके युरोपीय सत्तांना येथे नीट पाय रोवता आले नाहीत. इतकेच काय, १६६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंचांनी आपसात करार करून डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट ही दोन बेटे तेथील मूळ रहिवाशांकडे सोडून देण्याचे मान्य केले होते. तो करार पुढे पाळला गेला नाही आणि १७६३ मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. तथापि सपाट जमीन थोडी असल्यामुळे शेजारच्या बेटांसारखे उसाचे अफाट मळे येथे उभे राहू शकले नाहीत, आणि मळ्यांतून निसटलेल्या गुलामांना लपायला डोंगर मोकळे राहिले. त्यांनी जंगलात वस्त्या केल्या, जाको आणि बाला यांच्यासारख्या सरदारांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश फौजांशी दीर्घकाळ झुंज दिली. रोझोमध्ये या ‘नेग मावों’ बंडखोरांचे स्मारक आहे आणि खडकात कोरलेल्या, जाकोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पायऱ्या आजही चढता येतात.

या इतिहासातील दुसरा टप्पा बाहेर फारसा कोणाला माहीत नसतो. १८३१ मध्ये येथील स्वतंत्र अश्वेत नागरिकांना राजकीय हक्क मिळाले आणि १८३८ पर्यंत विधिमंडळात त्यांचे बहुमत झाले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश कॅरिबियनमधील अन्य कोणत्याही वसाहतीत असे घडले नव्हते. मळेवाल्यांच्या दबावाखाली १८६५ नंतर निवडून आलेल्या सभासदांचे अधिकार टप्प्याटप्प्याने काढून घेतले गेले आणि १८९६ मध्ये लंडनची थेट सत्ता आली. स्वातंत्र्य ३ नोव्हेंबर १९७८ रोजी मिळाले, म्हणजे कोलंबसाला बेट दिसल्याच्या तारखेलाच. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७९ मध्ये, डेव्हिड चक्रीवादळाने नव्या राष्ट्राची शेती आणि घरे उद्ध्वस्त केली. त्या पडझडीतून देश सावरण्याचे काम युजिनिया चार्ल्स यांच्याकडे आले. इंग्रजीभाषक कॅरिबियनमधील त्या पहिल्या महिला पंतप्रधान होत आणि १९८० पासून १९९५ पर्यंत त्यांनी देशाचा कारभार पाहिला.

देशाचे क्वेयोल ब्रीदवाक्य ‘देवाच्या खालोखाल भूमी’ अशा अर्थाचे आहे. येथील राष्ट्राभिमानाचा आणि पर्यटनाचा विचार करताना हे वाक्य सतत आठवावे लागते, कारण पर्यटक जे पाहायला येतात आणि नागरिक ज्याचा अभिमान बाळगतात ती गोष्ट एकच आहे : ही भूमी.

राष्ट्रध्वजावर पोपट का आहे?

हिरव्या ध्वजावर पिवळ्या, काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचा क्रूस आहे, मध्यभागी लाल वर्तुळात सिसेरू नावाचा पोपट आहे आणि त्याच्याभोवती देशाचे दहा परगणे दर्शवणारे दहा तारे आहेत. सिसेरू जगात केवळ डॉमिनिकाच्या उंच जंगलांत आढळतो. त्याच्या छातीच्या जांभळ्या पिसांमुळे हा जांभळा रंग असलेल्या मोजक्या राष्ट्रध्वजांपैकी एक ठरला आहे. या पोपटाची संख्या मुळातच थोडी होती. २०१७ च्या वादळात जंगल झोडपले गेल्यानंतर तो दिसणे आणखी दुर्मीळ झाले आहे. राष्ट्रचिन्ह असलेला पक्षी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असणे ही येथील लोकांच्या मनाला लागून राहिलेली गोष्ट आहे, म्हणून वाटाड्यांना त्याच्याविषयी आदराने विचारावे आणि तो दिसेलच असा आग्रह धरू नये.

कालिनागो कोण आहेत? त्यांच्या वस्तीत जाणे योग्य ठरेल का?

कालिनागो हे या बेटाचे मूळ रहिवासी. पूर्व कॅरिबियनमधील बहुतेक बेटांवर त्यांचा समाज वसाहतकाळात नष्ट झाला. डॉमिनिकाच्या डोंगरांनी मात्र त्यांना आसरा दिला. ईशान्य किनाऱ्यावरील सुमारे ३७०० एकरांचा प्रदेश १९०३ मध्ये त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला आणि आज तेथे सुमारे तीन हजार लोक राहतात. जमीन समाजाच्या सामाईक मालकीची आहे, त्यामुळे ती बाहेरच्या कोणालाही विकत घेता येत नाही. किनाऱ्यालगतची जमीन परदेशी हॉटेलांच्या हाती जाणे हा कॅरिबियनमधला नेहमीचा अनुभव असताना, या प्रदेशाला त्यापासून मिळालेले संरक्षण फार मोलाचे आहे. २०१५ मध्ये अधिकृत नावातून ‘कॅरिब’ हा परक्यांनी दिलेला शब्द काढून ‘कालिनागो’ हे त्यांचे स्वतःचे नाव घालण्यात आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिल्वानी बर्टन राष्ट्राध्यक्ष झाल्या. या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या कालिनागो व्यक्ती आहेत.

तेथे अवश्य जावे. ‘कालिनागो बाराना औते’ हे सांस्कृतिक गाव पाहुण्यांसाठीच उभारले आहे. तेथे लारुमा वेताच्या टोपल्या विणताना, कसावाची भाकरी भाजताना आणि खोडातून होडी कोरताना पाहता येते. टोपली घ्यायची तर ती विणणाऱ्याकडूनच घ्यावी आणि फार घासाघीस करू नये, कारण वेत कापून, वाळवून, रंगवून विणण्यात बरेच दिवस जातात. घरांची आणि माणसांची छायाचित्रे घेण्यापूर्वी परवानगी मागणे हा साधा शिष्टाचार आहे.

कॅरिबियनमधील इतर बेटांच्या तुलनेत येथे पर्यटन उशिरा का वाढले?

पहिले कारण असे की पर्यटकांच्या मनातले पांढऱ्या वाळूचे लांबलचक किनारे येथे फारसे नाहीत. बेट ज्वालामुखीजन्य असल्याने वाळू बहुतेक ठिकाणी काळी आहे. दुसरे म्हणजे डोंगराळ भूभागामुळे मोठी विमाने उतरतील अशी धावपट्टी बांधणे अवघड होते. तिसरे कारण केळीचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान शेतकरी आपापल्या उतारावरच्या जमिनीत केळी लावत आणि ती ब्रिटनला जात असत; हा रोख पैसा दर आठवड्याला घरात येत असल्यामुळे पर्यटनाची निकड कमी भासत होती. युरोपने या बेटांच्या केळीला दिलेली सवलत जागतिक व्यापार संघटनेत १९९७ मध्ये नियमबाह्य ठरली. लॅटिन अमेरिकेतल्या महाकाय मळ्यांशी किमतीची स्पर्धा करणे या शेतकऱ्यांना शक्यच नव्हते, आणि हजारो कुटुंबांचे उत्पन्न आटले. तरुण बाहेर पडू लागले, आणि निसर्ग हेच उरलेले भांडवल आहे हे ध्यानात घेऊन देशाने स्वतःला ‘निसर्गबेट’ म्हणून जगापुढे मांडायला सुरुवात केली.

त्या उशिराचा एक फायदा झाला, असे माझे मत आहे. किनारे काँक्रीटने भरले नाहीत, बहुतेक निवासस्थाने लहान आणि स्थानिक कुटुंबांच्या मालकीची राहिली आणि जंगल शाबूत राहिले.

येथे पाहण्यासारखे काय आहे?

सर्वप्रथम मोर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यान. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आणि सुमारे सात हजार हेक्टरांवर पसरलेल्या या उद्यानाला १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातले उकळते सरोवर सुमारे साठ मीटर रुंद आहे; खालच्या तप्त खडकांतून येणाऱ्या वाफेमुळे त्याचे राखाडी पाणी मध्यभागी अक्षरशः खदखदत असते. तेथपर्यंत गाडी जात नाही. जाऊन येऊन संपूर्ण दिवस मोडतो, वाटेत गंधकाच्या वासाने भरलेली, वाफा फेकणारी उजाड दरी पार करावी लागते आणि ओढ्यांच्या पाण्याचाही चटका बसू शकतो. प्रमाणित वाटाड्या सोबत घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

ज्यांना एवढी दमछाक नको असेल त्यांच्यासाठी ट्रॅफल्गर धबधबे आणि एमराल्ड पूल हे सोपे पर्याय आहेत. शँपेन रीफ येथे समुद्रतळातून वायूचे बुडबुडे सतत वर येतात आणि त्यांच्यामधून पोहता येते. उत्तरेला पोर्ट्समथजवळ कॅब्रिट्स उद्यानात अठराव्या शतकातील फोर्ट शर्ली आहे. ज्यांना दिवसेंदिवस चालण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी वाइतुकुबुली राष्ट्रीय पायवाट आहे. बेटाच्या कालिनागो नावावरून ओळखली जाणारी ही वाट चौदा टप्प्यांत सुमारे १८५ किलोमीटरचे अंतर कापत दक्षिण टोकापासून उत्तरेपर्यंत जाते आणि गावागावांतून जात असल्यामुळे चालणाऱ्याचा पैसा थेट त्या गावांत पोहोचतो.

डॉमिनिकाच्या समुद्रातल्या व्हेलची एवढी चर्चा का होते?

पश्चिम किनाऱ्यालगत समुद्र एकदम खोल होतो आणि त्या खोल पाण्यात स्पर्म व्हेलची कुटुंबे वर्षभर राहतात. माद्या आणि पिल्ले यांचे हे कळप पिढ्यान्‌पिढ्या येथेच असल्यामुळे २००५ पासून शास्त्रज्ञ त्यांचा सातत्याने अभ्यास करत आले आहेत. प्रत्येक व्हेल शेपटीवरच्या खुणांवरून ओळखता येतो आणि त्यांच्या टकटक आवाजांच्या ठरावीक बोलीसुद्धा नोंदवल्या गेल्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने सुमारे ८०० चौरस किलोमीटर समुद्र स्पर्म व्हेलसाठी राखीव करण्याची घोषणा केली. केवळ या प्राण्यासाठी असा राखीव प्रदेश जगात प्रथमच जाहीर झाला. देशाच्या भूभागापेक्षा मोठे क्षेत्र एका प्राण्यासाठी राखणे हा निर्णय मला फार धाडसाचा वाटतो. व्हेलसोबत पाण्यात उतरायचे असल्यास परवाना लागतो, म्हणून नौका ठरवतानाच त्याची चौकशी करावी.

मारिया चक्रीवादळाने नेमके काय बदलले?

१८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया पाचव्या श्रेणीचे वादळ म्हणून डॉमिनिकावर धडकले. दहापैकी नऊ घरांची छपरे उडाली किंवा मोडली आणि एका रात्रीत संपूर्ण बेटाचा हिरवा रंग नाहीसा झाला. नुकसानीचा अंदाज देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २२६ टक्के इतका निघाला. याचा अर्थ असा की सव्वादोन वर्षांत देशाने जे कमावले असते ते काही तासांत गेले. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१५ मध्ये, एरिका वादळातील दरडी आणि पुरांमुळे पेतीत सावान हे संपूर्ण गाव कायमचे रिकामे करावे लागले होते.

काही दिवसांतच पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांनी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत सांगितले की डॉमिनिका हवामानबदलाला तोंड देण्यास सक्षम असे जगातील पहिले राष्ट्र बनेल. त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले, मजबूत छपरांची नवी घरे उभी राहिली आणि रोझोच्या वर, लाउदा गावाजवळ, भूगर्भातील उष्णतेवर वीज निर्माण करण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. २०१९ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. हवामानबदलाला ज्यांचा हातभार अत्यल्प, त्यांनाच त्याची सर्वाधिक किंमत मोजावी लागत आहे, ही जाणीव आज या देशाच्या राष्ट्रभावनेचा भाग झाली आहे, आणि येणाऱ्या पाहुण्यानेही ती समजून घेतली पाहिजे.

क्रूझ जहाजांमुळे लोकांचा फायदा होतो का?

होतो, पण मर्यादित. हिवाळी हंगामात रोझोच्या धक्क्यावर मोठी जहाजे लागतात, हजारो प्रवासी सकाळी उतरतात आणि संध्याकाळी परततात. टॅक्सीवाले, वाटाडे आणि हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या महिला यांना त्या दिवसाचा रोजगार मिळतो. परंतु जेवण आणि झोप जहाजावरच असल्यामुळे माणशी खर्च थोडाच होतो, आणि एकाच दुपारी सारी गर्दी त्याच दोन-तीन धबधब्यांवर लोटते. आठवडाभर गावातल्या छोट्या निवासात राहणारा एक प्रवासी तेथील शेतकऱ्याला, कोळ्याला आणि वाटाड्याला अधिक देऊन जातो.

नवा विमानतळ आणि केबल कार यांवरून मतभेद का आहेत?

सध्याच्या डग्लस-चार्ल्स विमानतळावर मोठी विमाने उतरत नाहीत. डिसेंबर २०२१ पासून मायामीहून थेट विमानसेवा सुरू झाल्याने प्रवास बराच सुकर झाला, तरी बहुतेकांना शेजारच्या एखाद्या बेटावर विमान बदलावे लागते. म्हणून ईशान्येला वेस्लीजवळ आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याचबरोबर रोझो खोऱ्यातून उकळत्या सरोवराच्या दिशेने साडेसहा किलोमीटरांहून अधिक लांबीची केबल कार उभारण्याचा प्रकल्प आहे. समर्थकांच्या मते बाहेर गेलेल्या तरुणांना परत आणण्याचा हाच मार्ग आहे आणि वृद्ध किंवा अपंग नागरिकांनाही आपल्याच देशातले हे आश्चर्य पाहण्याचा हक्क आहे. विरोधकांना काळजी आहे ती डोंगर फोडण्याची, वेस्ली परिसरात जमीन आणि घरे सोडाव्या लागलेल्या कुटुंबांची आणि जागतिक वारशाच्या ठिकाणी लोटणाऱ्या गर्दीची.

विमानतळाची गरज मला पटते. आजारी माणसाला वेळेत उपचारांसाठी नेण्यापासून शेतमाल पाठवण्यापर्यंत अनेक गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. केबल कारविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. ज्या सरोवरापर्यंत पोहोचायला दिवसभराचे श्रम आणि स्थानिक वाटाड्याची सोबत लागते, तेथे दर तासाला शेकडो माणसे उतरू लागली तर वाटाड्यांच्या कामाचे काय होणार आणि त्या नाजूक दरीवर किती भार पडणार, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळायला हवीत.

डॉमिनिका नागरिकत्व विकते, हे खरे आहे का?

१९९३ पासून ठरावीक रक्कम देशाच्या निधीत भरणाऱ्या परदेशी व्यक्तीला छाननीनंतर नागरिकत्व देण्याची योजना तेथे आहे. २०२४ मध्ये किमान रक्कम दुप्पट करून दोन लाख अमेरिकी डॉलर करण्यात आली. मारियानंतरची अनेक घरे आणि नव्या विमानतळाचा खर्च मोठ्या प्रमाणात या पैशातून उभा राहिला आहे. दुसरीकडे, जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने या योजनेवर आक्षेप घेत डॉमिनिकाच्या सर्व नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. ज्यांनी आयुष्यभर त्या भूमीवर कष्ट केले त्यांच्या पारपत्राची पत बाहेरच्यांच्या व्यवहारामुळे खालावली, याचे दुःख तेथील सामान्य माणसाला आहे. भारतीय वाचकांनी लक्षात ठेवावे की भारतात दुहेरी नागरिकत्वाला मान्यता नाही. दुसरे घेतले की भारतीय नागरिकत्व संपते.

भारताशी आणि महाराष्ट्राशी या बेटाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो अलीकडच्या काळात वाढला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, लहान देशांना लस मिळणे दुरापास्त असताना, भारताने डॉमिनिकाला ७०,००० मात्रा पाठवल्या. ही कोविशिल्ड लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली होती आणि तिचा स्वीकार करण्यासाठी पंतप्रधान स्वतः विमानतळावर हजर होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गयानातील जॉर्जटाउन येथे राष्ट्राध्यक्ष बर्टन यांनी भारताच्या पंतप्रधानांना देशाचा सर्वोच्च सन्मान प्रदान केला.

क्रिकेटरसिकांना रोझोचे विंडसर पार्क मैदान माहीत असेल. जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या यशस्वी जयस्वालने याच मैदानावर कसोटी पदार्पणात १७१ धावा केल्या, रोहित शर्माने शतक ठोकले आणि अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले. त्याच सामन्यात डॉमिनिकाच्या अ‍ॅलिक अ‍ॅथनेझने आपल्या लोकांसमोर पदार्पण करत ४७ धावा काढल्या. पुढे २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचे सामने मैदानाची तयारी वेळेत होणार नसल्यामुळे देशाने स्वतःहून सोडले. त्या निराशेनंतर काही महिन्यांतच, ३ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये थीया लाफाँडने १५.०२ मीटरची तिहेरी उडी मारून डॉमिनिकाला इतिहासातील पहिले ऑलिंपिक पदक, आणि तेही सुवर्णपदक, मिळवून दिले.

तेथे काय खावे?

कॅलालू हे राष्ट्रीय अन्न आहे. ते अळूच्या पानांचे दाट सार असून त्यात नारळाचे दूध आणि बहुधा खेकडा असतो. कोकणातल्या माणसाला ते परके वाटणार नाही. शाकाहारी व्यक्तींनी खेकडा आणि खारवलेले मांस न घालण्याविषयी आधीच सांगावे. पूर्वी हा मान ‘माउंटन चिकन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका मोठ्या बेडकाला होता, जो देशाच्या राजमुद्रेवरही आहे. २००२ मध्ये आलेल्या बुरशीजन्य रोगाने त्याची संख्या कोसळली. आता त्याच्या शिकारीवर बंदी आहे, म्हणून उपाहारगृहात त्याची मागणी करू नये.

कधी आणि कसे जावे?

जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ असतो. चालण्यासाठी फेब्रुवारी ते मे हे महिने उत्तम. लोकजीवन पाहायचे असल्यास मात्र पावसाची जोखीम पत्करून ऑक्टोबरच्या अखेरीस जावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी क्रेयोल दिन असतो, शाळा-कार्यालयांत सर्वजण मद्रास चौकड्यांचा राष्ट्रीय पोशाख घालतात (हे कापड वसाहतकाळात चेन्नईहूनच तिकडे पोहोचले), आणि त्याच सुमारास १९९७ पासून भरणारा जागतिक क्रेयोल संगीत महोत्सव रंगतो. तेथून ३ नोव्हेंबरच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत थांबता आले तर फारच उत्तम.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचे तर केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकी व्हिसा लागतो. ग्वाडेलूप किंवा मार्टिनीकहून बोटीने जाता येते, परंतु त्यासाठी फ्रान्सच्या या सागरपार प्रदेशांना लागू असलेला व्हिसा हवा. केवळ शेंगेन व्हिसावर विसंबू नये. ब्रिटनमार्गे बार्बाडोसला पोहोचून तेथून छोट्या विमानाने जाणे अनेकांना सोयीचे पडते, मात्र ब्रिटनमध्ये विमान बदलण्याच्या परवानगीचे नियम आधी पाहून घ्यावेत. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर आहे आणि १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकी डॉलरला २.७० असा स्थिर आहे. वाहने डाव्या बाजूने चालतात, पण रस्ते अरुंद आणि वळणांचे असल्याने पहिल्या खेपेस स्थानिक चालक घेणेच इष्ट.